चिकाच्या पडद्यामागच्या वहिनीसाहेब

सन एकोणीसशे सत्तेचाळीस. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि पलटणीबरोबर जपानला जाऊन नुकता कोल्हापुरात परत आलो होतो. मराठी तिसरी शिकलेला माणूस. नांगर धरायचं मनात नव्हतं आणि कुणाच्या दारात उभं राहणं अंगात नव्हतं. तरी चार वर्षं एका बाईच्या पडद्याशेजारी उभा राहिलो. आयुष्यात तेवढंच काम मन लावून केलं आणि त्यात एकदाच चुकलो. कुणी विचारलं तर मी विषय बदलतो. आज मात्र लिहितो, कारण त्या बाईंना बघितलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत.

पन्हाळ्याच्या पश्चिमेला डोंगराच्या कुशीत एक लहानशी जहागीर होती. नाव लिहीत नाही. जहागीरदार अकाली वारले. मूलबाळ नव्हतं. भावकीतला एक मुलगा दत्तक घेतला, तो शिकायला पुण्याला. शिक्का त्या पोराच्या नावाचा, पण शब्द वहिनीसाहेबांचा. साठीला टेकल्या तरी त्या वहिनीसाहेबच. नवरा हयात असताना पडलेलं नाव, पुढं बदलायची कुणाची छाती झाली नाही.

रंकाळ्याच्या वाटेवर जहागिरीची कचेरी होती. दर सोमवारी गावची माणसं गाड्या जुंपून, नाहीतर पायी, तिथं यायची. मोठी खोली, एका अंगाला चिकाचा, म्हणजे बारीक काड्या विणलेला पडदा, आणि पडद्यामागं वहिनीसाहेब. त्यांच्या घराण्यात गोषा कडक. परक्या पुरुषाला तोंड दिसायचं नाही आणि आवाजही जायचा नाही. म्हणून एक माणूस पडद्याला लागून उभा राहायचा. आतून त्या हळू बोलायच्या, तो ते मोठ्यानं सगळ्यांना सांगायचा. तो माणूस म्हणजे मी. माझ्या कामाला धड नाव नव्हतं. दिवाणजी मला शिपाई म्हणायचे आणि गावची माणसं जपान्या.

माझ्या आधी एक म्हातारा हे काम करायचा. त्याचे दात पडले आणि त्याला दम लागायला लागला. दिवाणजींनी कुठंतरी माझा आवाज ऐकला होता, त्यांनी मला आणून उभं केलं. समोर वीसपंचवीस माणसं, माझी पाठ पडद्याकडं. आतून आवाज आला, इतका हळू की मला श्वास धरावा लागला.

"सांग. हा गडी पलटणीतून आलाय, छाती काढून उभा आहे, पण याच्या विजारीला मागं शेण लागलंय."

वळून बघायची सोय नव्हती. मी समोर नजर ठेवली आणि खड्या आवाजात सगळं सांगितलं, शेणासकट. माणसं पोट धरून हसली. एकजण म्हणाला, वळून दाव की पावणं, आमालाबी बघू दे. मी हललो नाही. जरा वेळानं आत दिवाणजींना हुकूम झाला, "ठेवा याला. स्वतःचं काही गाळलं नाही यानं."

तोच कामाचा कायदा. वाढवायचं नाही, गाळायचं नाही, शिवी असली तर शिवी सांगायची, आणि त्यांनी मध्येच थांबून घोट घेतला तर आपणही तिथंच थांबायचं.

तक्रारी ऐकताना त्या मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. खडा सापडला की पितळेच्या वाटीत टाकायच्या. बाहेर नुसती टिक ऐकू यायची. लोकांची समजूत अशी की आपण खोटं बोललो की आत टिक होते. कितीतरी माणसं बोलता बोलता टिक ऐकून अडखळायची आणि मागचं बोलणं दुरुस्त करायची. मी एकदा वहिनीसाहेबांना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तांदूळ जरा खड्याचाच आणत जा."

एकदा एका फौजदाराला त्यांनी बोलावून घेतलं. आमच्या गावातल्या एका बाईवर त्यानं हात टाकला होता, आणि तक्रार लिहून घ्यायला तोच नाही म्हणत होता. ऐटीत खुर्चीवर बसला. वहिनीसाहेबांनी माझ्या तोंडून त्याला विचारलं, तुमच्या आईचं नाव काय. त्यानं सांगितलं. मग आतून आलं ते मी सांगितलं: आता त्या नावानं तक्रार लिहा, बाकी सगळी हकीकत मी सांगते. फौजदार घामाघूम झाला. टाक हातात धरून बसला, पण कागदावर टेकवेना. तो कोरा कागद घडी घालून वहिनीसाहेबांनी दरबारात कुणाकडं तरी पाठवला. कुणाकडं ते दिवाणजींनाही ठाऊक नव्हतं. महिन्याच्या आत फौजदाराची बदली झाली. दरबारात, भावकीत, मोठमोठ्या घरांच्या माजघरात त्यांचे असे धागे होते. कोल्हापूरचे भलेभले सरदार त्यांना वचकून असायचे, आणि त्यातल्या एकानंही त्यांचं तोंड बघितलेलं नव्हतं.

पण त्यांचं खरं काम पाण्याचं. जहागिरीत ओढ्यावर एक बंधारा, त्याच्या पाटावर दोन गावं, वरचं आणि खालचं. उन्हाळ्यात ऊस जगवायचा तर पाण्याची पाळी बांधून द्यावी लागायची: इतके दिवस वरच्यांनी घ्यायचं, इतके दिवस खालच्यांनी. ही पाळी वहिनीसाहेब ठरवायच्या. रीत अशी होती की दोन्ही गावांनी आपापल्या टोकाच्या रानातलं एकेक ढेकूळ फडक्यात बांधून आणायचं आणि पडद्याखालून आत सरकवायचं. त्या ढेकूळ हातात घेऊन फोडायच्या, माती बोटांत चोळायच्या, हुंगायच्या. ज्याचं रान जास्त तहानलेलं त्याला एक दिवस जादा.

एका साली वरच्या गावच्या आबा पाटलानं आणलेलं ढेकूळ विटेसारखं कोरडं होतं. आबा रडवेल्या आवाजात सांगत होता, रान करपलंय, ऊस वाळून चाललाय. आत ढेकूळ फुटल्याचा आवाज झाला. मग मला सांगणं आलं, आणि मी सांगितलं, "आबा, हे रानातलं न्हाय, चुलीतलं हाय. धुराचा वास येतोय. पुढच्या खेपेला भाजलंस तर मीठ लावून आण." खालच्या गावची माणसं आठवडाभर हसत होती. आबाही हसला. त्या साली त्याचा दिवस गेला, पण वहिनीसाहेबांच्या नाकाची कीर्ती त्यानंच गावोगाव नेली.

गंमत संपल्यावर माणसं घरी जायची, तेव्हा त्या आतच बसून असायच्या. जेवायला एकट्या. बरोबरीचं माणूस घरात कुणी नव्हतं, आणि जी होती ती बोलवायच्या आधी बोलायची नाहीत. एका संध्याकाळी मी दारं लावत होतो. पडद्यामागून त्यांनी विचारलं, बंधाऱ्यावरून पाणी पडताना आवाज कसा येतो. मला आधी प्रश्नच कळला नाही. मग ध्यानात आलं, वीस वर्षं ज्या बंधाऱ्याचं पाणी वाटलं तो त्यांनी बघितलेला नव्हता. मी म्हटलं, लांबून पलटण चालत येतीय असा येतो. त्या म्हणाल्या, पण ती पोचत नाही म्हणायची. मी म्हटलं, न्हाय, येतच राहती.

एकोणपन्नासच्या मार्चात संस्थान विलीन झालं. महिना गेला नाही तोच सरकारचे नवे साहेब सायकलवरून कचेरीत आले. तरुण माणूस, चष्मा, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. सोमवार होता, दोन्ही गावची चाळीसभर माणसं ढेकळं घेऊन बसलेली. साहेब पडद्यापुढं आले, नमस्कार केला, आणि अदबीनं सांगितलं की पाण्याची पाळी इथून पुढं मामलेदार कचेरीतून ठरेल, जहागिरीला तो अधिकार राहिलेला नाही, तरी वहिनीसाहेबांनी लोकांना तसं सांगावं म्हणजे गडबड होणार नाही. त्या माणसानं राग यावा असं काही केलं नाही. मला राग आला तो त्याचाच.

आत टिक झाली, मग दुसरी. मग वहिनीसाहेब बोलल्या.

"सांग. साहेबांचं बरोबर आहे. आजपासून पाण्याचा शब्द सरकारचा. दोन्ही गावांनी त्यांच्याकडं जावं, माझ्याकडं येऊ नये."

मी समोर बघितलं. आबा पाटलानं फेटा काढून मांडीवर घेतला होता. खालच्या गावचा दौलू, पंचविशीचा पैलवान गडी, हातातलं फडक्याचं गाठोडं दोन्ही हातांनी धरून माझ्या तोंडाकडं बघत होता. चाळीस माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. आणि मला ते वाक्य उच्चारवेना. घसा बसला नव्हता. मला ते सांगायचं नव्हतं.

मी म्हणालो, "वहिनीसाहेबांनी ऐकलं. विचार करून पुढच्या सोमवारी शब्द देतील."

आत सुपाची सळसळ थांबली. मला वाटलं आता आवाज येईल. आला नाही. परक्या पुरुषांपुढं आवाज चढवायचा नाही ही त्यांची रीत, आणि माझ्याशिवाय त्यांना दुसरं तोंड नव्हतं. साहेब उठून गेले. माणसं खुशीत उठली. कुणीतरी म्हणालं, वहिनीसाहेबांनी सोडलं न्हाय बघा अजून.

खोली रिकामी झाल्यावर त्यांनी मला विचारलं, मी काय बोलले. मी अक्षर न चुकता सांगितलं. मग विचारलं, आणि तू काय बोललास. तेही सांगितलं. का, म्हणून विचारलं, तेव्हा मी खिडक्या लावायला लागलो. त्या म्हणाल्या, उद्या दोन्ही गावांत जा आणि माझा शब्द जसाच्या तसा सांगून ये. मी जातो म्हणालो.

मी गेलो नाही. मंगळवार तालमीच्या कट्ट्यावर बसून काढला, बुधवारही तसाच. सोमवार येतोच आहे, तेव्हा बघू, असं मनाशी म्हणत होतो. गावात जाऊन, दारोदार उभं राहून, तुमच्या वहिनीसाहेबांनी हात टेकले असं मी सांगायचं? वहिनीसाहेबांनी मला पुन्हा विचारलं नाही. मी जातो म्हटलं म्हणजे गेलो, असं त्या धरून चालल्या.

गुरुवारी बातमी आली. सरकारच्या माणसानं वरच्या गावाला पाणी सोडलं होतं. खालचे म्हणाले, वहिनीसाहेबांचा शब्द सोमवारी येणार आहे, तोवर मागल्या सालची पाळी, म्हणजे पाणी आमचं. दौलू पाटाच्या तोंडाशी आडवा पडला. हातघाई झाली, कुणाचं तरी खोरं लागलं आणि दौलूचा डावा डोळा गेला. वरच्या गावची पाच माणसं पोलिसांनी नेली, त्यात आबाचा मुलगा.

त्या सोमवारी कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. एका बाजूला वरचे, एका बाजूला खालचे, मध्ये दोन हात मोकळी फरशी. दोन्हीकडच्या गाड्यांत काठ्या आहेत हे मी येताना बघितलं होतं. आज इथून काय ऐकू येतं त्यावर संध्याकाळी बंधाऱ्यावर काय होणार ते ठरणार होतं. दौलूची आई पुढं आली. काळी, उंच, विधवा बाई. ती पडद्याशी बोलली, माझ्याशी नाही.

"तुमच्या शब्दावर माझं पोर पाटात आडवं झालं. तुमचा शब्द काय हुता, तेवढं मला सांगा. बाकी मला काय बी नको."

आत सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मी वाट बघत होतो. मनात ठरवलं होतं की आज जे येईल ते सांगायचं, जीव गेला तरी. पण आतून माझ्यासाठी काहीच आलं नाही. पडद्याच्या काड्या खडखडल्या. वहिनीसाहेबांनी तो एका हातानं उचलला आणि वाकून बाहेर आल्या.

इतकी लहान बाई असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझ्या छातीला लागतील एवढ्या. डोईवर पांढऱ्या लुगड्याचा पदर, तोंडावर देवीचे वण, उजेडात डोळे मिचकावत होत्या. खोलीतल्या एकूण एक पुरुषानं मान खाली घातली. आबा पाटलानं तर डोळेच मिटून घेतले. एकटी दौलूची आई बघत होती. दोघी एकमेकींकडं बघत होत्या.

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, मी कबूल करणार होतो. वहिनीसाहेबांनी माझ्याकडं न बघता हात वर केला, आणि मी थांबलो. त्या हळूच बोलल्या, नेहमीसारख्या. पण खोलीत इतकी शांतता होती की शेवटच्या माणसापर्यंत गेलं.

"मागल्या सोमवारी माझा शब्द होता की पाणी सरकारचं झालं, त्यांच्याकडं जा. तो तुमच्यापर्यंत गेला नाही. माझा शब्द मी दुसऱ्याच्या तोंडात ठेवला, ही चूक माझी. तुझ्या पोराचा डोळा माझ्या अंगावर आहे, बाई."

मागून एक म्हातारा, मान खालीच ठेवून म्हणाला, "मग आमी जायाचं कुणाकडं, वैनीसाब?"

"मामलेदाराकडं. तिथं बाकडी आहेत म्हणतात, बसायला मिळेल. आणि आबा, पोराला सोडवायचं असेल तर आधी दौलूच्या घरी जा, मग ठाण्यावर."

माणसं हलेनात. शेवटी दौलूची आईच वळली आणि दारातून बाहेर पडली. तिच्यामागं बाकीचे गेले, दोन्ही गावांचे, एकाच दारातून, खालमानेनं. संध्याकाळी बंधाऱ्यावर काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीसाहेब गाडी काढून दौलूला बघायला दवाखान्यात गेल्या, उघड्या तोंडानं. ती बातमी आम्ही परतायच्या आधीच सगळ्या सरदारांच्या घरी पोचली. पडदा सोडलेली बाई म्हणून भावकीनं तोंड फिरवलं. लग्नकार्याची बोलावणी बंद झाली, दरबारातले धागे तुटले, दत्तक मुलाला सुट्टीत त्याच्या जन्मदात्यांनी परस्पर आपल्याकडं नेलं. गावं मामलेदाराकडं जायला लागली. जो शब्द त्यांनी सांगितला तो लोकांनी पाळला. त्यांच्याकडं कुणी आलं नाही.

चिकाचा पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला. पण सोमवारी त्या त्याच जागी येऊन बसायच्या आणि मी त्याच जागी उभा राहायचो. दिवाणजींनी काम सोडलं. खिडकीतून रंकाळ्यावर धुणं आपटल्याचा आवाज यायचा. दुपार झाली की त्या उठायच्या आणि म्हणायच्या, आज काही नाही. असे किती सोमवार गेले ते मोजले नाहीत, पण दोन वर्षं गेली. झाल्या गोष्टीबद्दल त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही. रोज वाटायचं बोलावं. रोज मान ताठ व्हायची.

एक्कावन्न सालच्या एका सोमवारी त्यांनी मला खाली बसायला सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाल्या, तू जपान बघितलास, तिथलं काहीतरी सांग. सांगण्यासारखं माझ्याकडं फार नव्हतं. आमच्या पलटणीला एक म्हातारा जपानी दुभाषा होता. लढाईच्या आधी मुंबईत कापसाच्या पेढीवर होता, मोडकं हिंदी बोलायचा. एका देवळाशी आमचा पहारा असताना त्यानं एका राणीची गोष्ट सांगितली होती, तीच मी सांगितली.

सातआठशे वर्षांमागं त्यांच्याकडं राजा नावाचा, आणि राज्य सेनापतीचं. तो सेनापती मेला. त्याच्या बायकोनं केस उतरवले, जोगीण झाली, आणि राज्य हातात घेतलं. थोरला मुलगा नालायक निघाला, त्याला तिनंच गादीवरून काढला. धाकटा देवळाच्या पायऱ्यांवर मारला गेला. मध्यंतरी तिचा बाप राज्य गिळायला बघतोय म्हटल्यावर त्यालाही तिनं गावाकडं धाडून दिलं. मग दुसऱ्या घरचं दोन वर्षांचं पोर आणून गादीवर बसवलं आणि पडद्याआडून तिनं राज्य चालवलं. लोक तिला जोगीण सेनापती म्हणायचे. पुढं राजाच तिच्यावर चालून आला, आणि सरदार डळमळायला लागले. तेव्हा तिनं सगळ्यांना अंगणात बोलावलं, माझ्या नवऱ्यानं तुमच्यासाठी काय काय केलं ते आठवा म्हणाली, आणि सगळे तिच्या बाजूनं उभे राहिले.

वहिनीसाहेब मन लावून ऐकत होत्या. विचारलं, "इतक्या पुरुषांपुढं ती स्वतः बोलली?"

मी म्हटलं, दुभाषा म्हणायचा, त्यात दोन बोलवा आहेत. कुणी म्हणतं ती स्वतः बोलली. कुणी म्हणतं ती पडद्यामागं होती, आणि तिचं बोलणं तिच्या एका माणसानं मोठ्यानं सांगितलं.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. उघड्या डोळ्यांनी, मध्ये काही नाही.

"आणि त्यानं नीट सांगितलं?"

मी फरशीकडं बघितलं. आता बोलायचं, एवढंच होतं. खोलीत तिसरं माणूस नव्हतं.

"सांगितलं असंल," मी म्हणालो. "राज्य टिकलं म्हणत्यात."

"हं," त्या म्हणाल्या. जरा वेळानं उठल्या, गुडघ्यावर हात टेकून, आणि आतल्या दाराकडं गेल्या. दारात थांबल्या. मला वाटलं काही म्हणतील. त्यांनी चौकटीला धरून पायरी चाचपली आणि आत गेल्या. त्या दिवशी, आज काही नाही, असं म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या मोटारीनं इचलकरंजीला गेलो आणि एका मागाच्या शेडमध्ये काम मागितलं. आत वीस माग एकदम धडधडत होते. माणसं एकमेकांशी हातानं बोलत होती. मालक जवळ आला आणि माझ्या कानाशी तोंड आणून काहीतरी विचारलं. एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान हलवली आणि सदरा काढून खुंटीला अडकवला.